तुळजाबाईचं तोरण आणि पहिली जमात

...आन् आता चिंचोके बी गेले! म्हंजे बघा, चिंचोके! लोकांच्या घरातून दागिना जातो, तांब्या जातो, गेला बाजार एखादी कोंबडी जाते. पण तुळजाबाईच्या घरातून चिंचोके गेले, आन् चोर कोण? तर सख्खा नवरा! रखमाजी मास्तर! तुम्हाला सांगतो, त्या बाईनं उन्हाळाभर चिंचा फोडून, बोटं काळी करून, गाडगंभर चिंचोके साठवले होते, थोडे भाजून खायला, थोडे घोंगडीवाल्याला घोंगडीची खळ करायला द्यायला... आन् सकाळी हात घालती तर गाडग्याच्या बुडाला हात लागला! मंग काय, कमरेला पदर खोचला आन् दारातून ओरडली, "अवो, हे घर हाय का मदरसा?"

आता मदरसा म्हंजे शाळाच. निजामाचं राज्य होतं ना तवा! शाळेला मदरसा, वर्गाला जमात, आन् तपासायला येणारा तो नाजिर साहेब. गाव राजूर आन् हसनाबादच्या मधात. नाव सांगत न्हाई, नातवंडं हायेत अजून तिथं, भांडायला येतील! तर त्या गावात धाब्याची एक खोली, त्या खोलीत पहिली जमात, आन् पहिल्या जमातीला आमचा रखमाजी मास्तर. माणूस कसा? तर गाईवानी गरीब. पण एकदा डोक्यात काही शिरलं का बैलावानी!

आधी सगळं बराबर चाललं होतं हो! पोरं हेल काढून पाढे म्हणायची, बे एके बे, बे दुणे चार, आवाज पार वेशीपतुर जायचा, आन् कारभारी पाटील ओसरीवर आडवे होऊन त्या तालावर झोपायचे. मंग एके दिवशी मास्तरला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, त्यानं सोनूबाई नावाच्या एका बारक्या पोरीला विचारलं, "बाई, तुमच्या गोठ्यात दोन म्हशी हायेत, मामानं आणखी दोन आणून बांधल्या, मंग किती झाल्या?" पोरीनं लई विचार केला. नाक पुसलं. म्हणाली, "मास्तर, आमच्या गोठ्यात येवढ्या मावत न्हाईत."

आता सांगा, काय चुकलं तिचं? पण मास्तरच्या काळजात ते असं रुतलं! पोरगी बे दुणे चार घडाघडा म्हणती आन् म्हशी चार हे तिला माहीत न्हाई! म्हंजे इतकी वर्षं आपण शिकवलं काय? भजन? तवापासून त्याचं एकच, "आकडा पोराच्या तोंडात देऊन भागत न्हाई, हातात द्यायला पायजे."

पायजे ना! पण हातात द्यायला मदरशात होतं काय? एक फळा, त्याला मधात चीर. आन् खडू, तो बी दमट. मंग सामान आणायचं कुठून? घरून!

पैले हरभरे नेले. मास्तर म्हणाला, "प्रत्येकानं पाच घ्या. त्यातले दोन बाजूला ठेवा. किती राह्यले?" पोरं म्हणाली, "काहीच न्हाई." "काहीच न्हाई कसं?" "तीन आम्ही खाल्ले." "आन् बाजूचे दोन?" "ते बाजूच्यानं खाल्ले!" मास्तर घरी येऊन कौतुकानं सांगून राह्यला, "अगं, पोरांना वजाबाकी आली!" आन् तुळजाबाई रिकाम्या डब्याकडं बघून म्हणून राह्यली, "मला बी आली. घर हाय का मदरसा?"

मंग तुराट्या मोडून काड्या केल्या. दहा काड्यांची एक जुडी. जुडी बांधायला काय? तर तिच्या चांगल्या लुगड्याचा काठ! मंग शेर, अदशेर, पावशेर, सगळी मापं उचलली, पोरांना वाळू मापायला दिली. चार पावशेर वाळू म्हंजे एक शेर वाळू, पोरं खुश! मास्तर खुश! मापं परत आली, तुळजाबाईनं त्याच मापानं पीठ काढलं, भाकरी थापली, आन् मास्तरनं पैला घास घेतला... कच्च! दुसरा घास... कच्च! ती समोर बसलेली, हनुवटीला हात लावून. "खावा, खावा. तुमचंच गणित हाय."

हसता काय? तिच्या जिवावर बेतलं होतं! कारण तिकडं कारभारी पाटील पिसाळले. पाढ्यांचा आवाज बंद झाला ना! दुपारची झोप लागंना! काठी आपटत मदरशात आले. बघतात तर सगळी जमात जमिनीवर पसरलेली, कुणी काड्या बांधतंय, कुणी वाळू ओततंय, आन् त्यांचा नातू कडूबा चिंचोक्यांची मुंगळ्यावानी रांग लावून राह्यलेला. "मास्तर, पोरं शिकायला धाडली का मातीत खेळायला? खेळायला आमच्याकडं रान कमी हाय काय?" त्यांनी चार पोरांच्या बापांचे कान भरले, बापांनी पोरं काढून गुरांमागं धाडली, आन् गोष्ट गेली वर. निरोप आला, नाजिर साहेब गयासोद्दीन स्वतः येणार. काही शिकवणं दिसलं तर ठीक, न्हाईतर मदरशाला कुलूप आन् मास्तरची बदली पार तिकडं तेलंगणात!

तेलंगणात! तुळजाबाईचं माहेर भोकरदनचं. आई पलेगमंधी गेलेली, भाऊ तेवढा उरलेला. राजूरच्या गणपतीपुढं तिनं आयुष्यात कधी काही मागितलं न्हाई ते तवा मागितलं, "देवा, ह्यांना अक्कल दे. निदान साहेब जाईपतुर तरी दे." आन् नवऱ्याला म्हणाली, "अवो, दोन दिवस पाढे म्हणवून घ्या की! साहेब गेले का करा तुमचं काय करायचं ते!" मास्तर म्हणाला, "तसं केलं तर पोरं पास होतील गं. पण सोनूबाईच्या म्हशी तशाच राहतील." काय बोलावं अशा माणसाला?

आता ऐका. तुळजाबाईच्या माजघराच्या दारावर एक तोरण होतं. काचमण्यांचं. लग्नाआधी, भोकरदनला, आईशेजारी बसून तिनं ते ओवलं होतं. दोन मोर समोरासमोर, निळे पंख, डोक्याला तांबडा तुरा. आई मणी निवडून द्यायची, ही ओवायची. आई गेली, तोरण राह्यलं.

साहेब यायच्या दिवशी मास्तर सकाळीच गेल्ता. बाई घर सारवून उठली, दारातून बाहेर निघाली, सवयीनं वर बघितलं. खिळे होते. तोरण न्हाई.

तुम्हाला सांगतो, शेजारपाजारच्या बायांनी कान टवकारले, आता ओरडती, मंग ओरडती! पण बाई ओरडलीच न्हाई. हात धुतले. डोक्यावरून पदर घेतला. आन् मदरशाची वाट धरली. गावातली बाई, भर दिवसा, सरकारी साहेब आलेला असताना मदरशाच्या दारात जाती म्हंजे काय! पारावरची माणसं उठून उभी राह्यली.

आत काय चाललं होतं? खुर्चीवर गयासोद्दीन साहेब. शेरवानी, पांढरी दाढी, प्रवासानं दमलेले. बाजूला कारभारी पाटील, मिशीला पीळ देऊन. समोर जमात. एकेकाच्या हातात दहा-दहा मण्यांची माळ. साहेब म्हणाले, "चलो बच्चों, पहाडा सुनाओ." पहाडा म्हंजे पाढा. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. सोनूबाईनं विचारलं, "कशाचा? मण्यांचा का म्हशींचा?" पाटील खुदकन हसले. आन् तेवढ्यात दारातून आवाज आला. बारीकच आवाज.

"माझं तोरण."

मास्तरनं मागं बघितलं आन् त्याचा चेहरा असा उतरला, असा उतरला... साहेबांना सगळं कळलं. बाईमाणूस दारात म्हणून उठून उभे राह्यले. म्हणाले, "मास्तर, घर में पूछ के लाए थे?"

"न्हाई, साहेब."

"तो पैले वापस करो. गिन के." मंग बाईकडं वळून, नजर खाली ठेवून, "कितने मनके थे, बाई?"

आता काय सांगावं तिनं? बाई कधी मदरशाची पायरी चढली का? म्हणाली, "साहेब, मला मोजता येत न्हाई. दोन मोर होते."

मास्तर मान खाली घालून उभा. तवा रहिमुन्निसा नावाची पोरगी, गावातल्या शिंप्याची, घरी उर्दू आन् मदरशात मराठी, बोलताना दोन्हीची खिचडी, ती उठली आन् तुळजाबाईचा पदर धरून म्हणाली, "चाची, मोर कैसा था? आपण परत मांडू ना!"

आन् पोरांनी दोरे तोडले हो! सगळे मणी मधात ओतले. बाई उंबऱ्यातून आत आली, खाली बसली, जमिनीवर बोट ठेवून म्हणाली, "इथं चोच. एकच मणी. इथून मान. मानेला एकाखाली एक, बोटाच्या पेरांयेवढे." "म्हंजे तीन!" पोरांनी ठेवले. "मंग पंख. वरच्या ओळीला सात. हे सात मला पाठ हायेत, आई म्हणायची आठवड्याच्या वारांयेवढे ओव. आन् खालच्या दर ओळीला दोन जास्ती, दोन्ही कडंला एक-एक." "सातावर दोन?" मास्तरनं विचारलं. "नऊ!" "नवावर दोन?" "अकरा!" "त्याच्या खाली?" पोरं थांबली. कुणी बोटं मोडली, कुणी काड्या घेतल्या, आन् जिच्या गोठ्यात चार म्हशी मावत नव्हत्या ती सोनूबाई ओरडली, "तेरा! एक दहाची जुडी आन् वर तीन!" मोर वाढून राह्यला, पोरं सरकून जागा देऊन राह्यली, साहेब खुर्ची सोडून उकिडवे बसले, आन् पाटील? पाटील काठी टाकून म्हणून राह्यले, "अरे, ती कड वाकडी झाली, एक मणी इकडं घे!"

दुसरा मोर बी झाला. पण तुऱ्याला मणी कमी पडले. तांबडे. बाई म्हणाली, "ह्याला बी तीन होते. त्याच्यासारखेच." "मंग तीन गेले कुठं?" सगळ्या जमातीनं जमीन चाचपली. मास्तरनं एकेकाकडं बघितलं. पाटलाचा नातू कडूबा गाल फुगवून गप्प बसलेला! आजोबा गरजले, "तोंड उघड!" उघडलं. पाटलांनी हात धरला पुढं. दोन पडले. "आन् तिसरा?"

कडूबा म्हणाला, "गिळला. तीन होते, एक गेला, दोन राह्यले."

साहेब असे हसले, असे हसले, टोपी पडली खाली! "बराबर! बिलकुल बराबर! पाटील, आपका पोता पास!" पाटलांना रागवावं का मिरवावं तेच कळंना. नातू घडाघडा बे दुणे म्हणायचा तवा ते झोपायचे. आता मणी गिळून बसला तर छाती फुगली!

मंग साहेब बाईला म्हणाले, "आपका माल है, बाई. उठा लीजिए." बाईनं पदर पसरला. बघितलं. सारवलेल्या जमिनीवर दोन मोर, भोवती पोरांचे तळवे. आन् रहिमुन्निसा हळूच म्हणाली, "चाची, मंग आम्ही काय मोजायचं?"

तुळजाबाईनं मास्तरकडं बघितलं. तो पुढं आला, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "चुकलं माझं. तुझ्या आईची आठवण होती, विचारायला पायजे होतं." नवऱ्यानं चारचौघांत बायकोपुढं असं बोलायचे दिवस होते का ते? बाईनं डोळे पुसले आन् म्हणाली, "पैले मला मोजायला शिकवा. माझे मणी किती, ते मला कळू द्या. मंग नेते." आन् पसरलेला पदर आवरून तिथंच, पोरांच्या रांगेत बसली!

नेले का मंग? कशाचं! मोजायला आलं तवा ती स्वतःच दहा-दहाच्या माळा ओवून देऊ लागली. मदरसा राह्यला. बदली टळली. काढलेली पोरं रानातून परत आली, आन् बायांनी हातभार लावला, कुणी कवड्या धाडल्या, कुणी बांगड्यांचे तुकडे, पाटलांनी गाडीभर तुराट्या. दुपारी तुळजाबाईमागं आणखी दोघी-तिघी मागच्या रांगेत येऊन बसायला लागल्या.

दुसऱ्या साली गयासोद्दीन साहेब परत आल्ते. खोली भरलेली, पोरं हातानं गणितं करून राह्यलेली. खुश होऊन म्हणाले, "मास्तर, मदरसे के लिए और क्या होना?"

मास्तरनं दाराकडं बघितलं, आवाज खाली आणला, म्हणाला, "मदरशाला काही नको, साहेब. बायकोला पुरा हिशोब यायला लागलाय, हरभऱ्यापासून चिंचोक्यापतुर सगळं मोजून मागती... सरकारकडून जमलं तर मला घरी एक वकील द्या."