ताटात उरलेली जागा

थांबा, टाळ जरा खाली ठेवा. मागे कुजबुज चाललीय ती ऐकू येतेय मला! बुवा माळकरी, मासे खात नाहीत, आणि आज माशांची गोष्ट सांगणार! हो, सांगणार. खात नाही मी. पण तुम्ही दक्षिणा देता ती कशाच्या पैशांतून येते, तेवढं कळतं मला. हसा, हसा. पुढे हसू यायचं नाही, म्हणून आत्ताच हसून घ्या.

तर प्रश्न असा. माझ्या हाताला भरपूर लागलं, म्हणजे देवाघरी भरपूर आहे, असं समजायचं का? अं? बोला ना! जाळं भरलं म्हणजे दर्या भरलेला आहे का?

मंडळी, ऐका. नांदरबंदर नावाचा एक कोळीवाडा. तिथे हरेश्वर नाखवा. नाखवा म्हणजे होडीचा मालक, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण त्या खांबाला टेकून दोन पाहुणे शहरातले दिसतात, त्यांच्यासाठी सांगितलं. हरेश्वरची होडी वाड्यात सगळ्यांत मोठी, आणि शब्द होडीहून मोठा. तो हो म्हणाला की वाडा हो म्हणणार. माणूस मात्र लाखाचा! त्याची एकुलती एक लेक हर्षाली. ती शाळेत जात होती, परकर-पोलक्यात होती, तेव्हा एक बडा माणूस तिला मागणी घालायला आला. सोनं काय, घर काय! हरेश्वरने त्याला ओसरीवरूनच हाकलला. म्हणाला, लेकरू आहे ते, आधी वाढू दे. असा बाप! हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्या बंदरावर एक बाई यायला लागल्या. डॉक्टर वैजयंती खानोलकर. माणसांच्या नव्हे, माशांच्या डॉक्टर! होडी लागली की मोजपट्टी घेऊन टोपलीपाशी बसायच्या. मासा मोजायच्या, पोट चिरून बघायच्या, कुठे धरला ते विचारायच्या. वाड्याला नुसती करमणूक झाली. त्यांचं म्हणणं एवढंच, की बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, जाळं सोडा, आणि पापलेट अंड्यांवर असतं त्या दिवसांत खाडीच्या तोंडाशी जाळं टाकू नका. नाहीतर पापलेट संपेल.

हरेश्वर हसला. म्हणाला, बाय माझी, दर्या मोजायला आलीस? माझं जाळं बघ, फुटायला आलंय. आणि म्हणे संपेल!

बाईंनी विचारलं, "नाखवा, तुमचे वडील जाळं कुठे टाकायचे?"

"इथेच. देवळाचा कळस दिसेल एवढ्यात."

"आणि तुम्ही?"

हरेश्वर जाळं झाडायला लागला. कारण त्याला कळस सोडा, अख्खा डोंगर दिसेनासा होईपर्यंत जावं लागायचं. इंजिन थोरलं घेतलं, जाळं थोरलं घेतलं, आस बारीक केला, तेव्हा कुठे ते भरायचं! अहो, विहीर आटत चालली तरी घागर भरूनच वर येते की. दोर तेवढा लांब लागतो. आपण घागर बघतो, दोराकडे कोण बघतो?

असो. लग्न होऊन सासरी गेलेली हर्षाली पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. आणि त्या वाड्याची एक रीत होती. पहिलटकरणीच्या जेवणाला बापाने स्वतः समुद्रावर जायचं आणि गाभोळी, म्हणजे पोटात अंडी, असलेलं पापलेट आणायचं. केवढं? तर ताटात ठेवलं की दोन्हीकडे काठाला टेकलं पाहिजे! ते लेकीसमोर चिरायचं. गाभोळीच्या दोन फोडी निघतात. एक लेकीला आणि एक समुद्राला परत. तुझं तुला, असं म्हणून. काय रीत आहे बघा!

हरेश्वरने भर बंदरावर सांगितलं, मी आणतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाड्याची बैठक होती, बारीक जाळं सोडायचं की नाही, याचा निकाल तिथेच लागणार होता. तो डॉक्टरबाईंना म्हणाला, "उद्या दुपारी माझ्या घरी जेवायला या. मोजपट्टी घेऊन या. माझ्या लेकीच्या ताटातलं पापलेट मोजा, आणि मग संध्याकाळी वाड्यासमोर बोला."

गेला. जाळं टाकलं. ओढलं तर जड! खलाशी खूश. उघडलं. पापलेटच पापलेट, पण एकूण एक तळहाताएवढं! परत टाकलं, तेच. आणखी पुढे गेला, जिथे त्याचा बाप जन्मात गेला नव्हता तिथे गेला. तेच! लाज वाटली त्याला. परत येऊन दुसऱ्या होड्यांत विचारलं, एखादं मोठं आहे का रे, लेकीच्या ताटाला हवंय. कुणाकडेच नव्हतं. सगळ्यांची जाळी भरलेली, आणि त्यात ताटभर एक मासा नाही!

दुपार झाली. अंगण बायकांनी भरलं. हर्षाली पाटावर बसली. हरेश्वरने त्यातल्या त्यात मोठं पापलेट ताटात ठेवलं. मंडळी, केवढं दिसत होतं ते! मध्ये एवढासा मासा, आणि चहूबाजूंनी रिकामं ताट. डॉक्टरबाईंनी मोजपट्टी पिशवीतून बाहेरसुद्धा काढली नाही.

हरेश्वर मान खाली घालून म्हणाला, कोवळं आहे, याच्यात गाभोळी कुठली असणार, नुसतंच तळा. नाखविणीने रीत म्हणून चिरलं.

गाभोळी निघाली!

बायकांना आनंद झाला हो! एकीने गाणंसुद्धा धरलं, आणि धरलं तसं सोडलं. कारण नाखविणीने दुसरं चिरलं. गाभोळी. तिसरं चिरलं. गाभोळी. तिचा हात थांबला. एवढीएवढीशी पिल्लं, आणि सगळ्यांची पोटं भरलेली! अरे देवा! माझ्या अंगावर आत्ता सांगताना काटा येतोय.

हर्षालीने आपला तळहात त्या माशाशेजारी ठेवला. दोन्ही सारखेच. तिने डॉक्टरबाईंना विचारलं, "यांच्या पोटात आत्ताच कशी?"

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "मोठं व्हायला आपण कुणाला ठेवलंच नाही. जी उशिरा अंड्यावर येत होती, ती त्याआधीच जाळ्यात गेली. लहानपणीच अंड्यावर येणारी तेवढी मागे राहिली. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. आणि एवढ्याशा जिवाची अंडी ती किती असणार?"

हर्षाली बापाकडे वळली. रागावली नाही. म्हणाली, "बाबा, मला मागायला आलेल्याला तुम्ही हाकललंत. लेकरू आहे म्हणालात. मग ही कोण?"

ऐकलंत? ही कोण?

त्या बापाचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठला, सगळ्या गाभोळ्या ओंजळीत घेतल्या आणि तडक समुद्रावर गेला. तुझं तुला म्हणत सोडल्या. पण मंडळी, चिरलेल्या पोटातली अंडी पाण्यात सोडून मासे होतात का हो? त्यालाही ते ठाऊक होतं. तिथेच वाळूत बसून रडला तो. मग होडीवर गेला आणि जाळ्याचा खोळा, म्हणजे मासे साठतात ती शेवटची बारीक विणीची पिशवी, सुरीने कापून काढला. संध्याकाळी बैठकीत तो खोळा सगळ्यांसमोर टाकला आणि म्हणाला, माझा बंद. तुमचं तुम्ही बघा.

वाडा हो म्हणाला का? काही हो म्हणाले, काही उठून गेले. खोटं कशाला सांगू? त्या दुपारी हर्षाली वरणभात जेवली. पुढे तिला मुलगी झाली. ती मुलगी पहिलटकरीण होईल तेव्हा तरी ताट भरेल का, हे मला ठाऊक नाही. हरेश्वरलाही नाही. रीत अजून आहे, म्हणून तो ते ताट घासूनपुसून ठेवतो.

आणि तुम्ही काय मजेत ऐकताय? गोष्ट नांदरबंदरची, आपल्याला काय! अहो, नाखवा धरतो तो कुणासाठी? बारीक मासा कुरकुरीत लागतो म्हणून टोपलीतून निवडून घेणारे कोण, मी? मी तर माळकरी! त्या हरेश्वराला एक दर्या दिला होता. तुम्हाला रान दिलंय, पाणी दिलंय, जमीन दिलीय. घागर भरून येतेय तोवर दोर कोण मोजतोय?

बरं, हात वर करा. असे नाही, तळहात उघडे करा सगळ्यांनी. बघा त्यांच्याकडे. उद्या सकाळी बाजारात याच हाताएवढं पापलेट समोर येईल. तेव्हा हात पुढे करण्याआधी विचारा, ही कोण? आता हात मिटा, आणि त्याच हातांनी टाळ उचला.