झेंडा धुवायला टाकलाय

(रविवारची दुपार. टीव्हीवर सामन्याचं रेकॉर्डिंग त्र्याऐंशीव्या मिनिटाला थांबवलेलं.)

मुलगी : रिमोट मिळणार नाही. आधी सांगा, तुम्हाला माहीत होतं ना?

बाबा : काय माहीत होतं?

मुलगी : वेड पांघरू नका, बाबा. हेच. सहा-शून्य. तुम्हाला सकाळपासून माहीत होतं.

बाबा : मला कुठून माहीत असणार? तुझ्याशेजारी बसून बघतोय की मघापासून.

मुलगी : तिसऱ्या गोलच्या आधी तुम्ही डोळे मिटलेत. त्यांच्या माणसाने फ्री किकसाठी चेंडू खालीसुद्धा ठेवला नव्हता. चौथ्याच्या आधी पाणी प्यायला उठलात. पाचव्याच्या आधी परत पाणी. एवढी तहान तुम्हाला उन्हात हिंडून आल्यावरही लागत नाही.

बाबा : साखर वाढली असेल. तूच तपास उद्या तुझ्या लॅबमध्ये.

मुलगी : विषय बदलू नका. क्लबचा झेंडा कुठाय?

बाबा : सांगितलं ना सकाळी. धुवायला टाकलाय.

मुलगी : बादली कोरडी ठणठणीत आहे. आत्ता बघून आले. झेंडा तुमच्या शिलाई मशीनच्या खणात आहे, घडी घालून, कात्रीखाली. आपण हरल्याशिवाय तुम्ही तो गॅलरीतून काढत नाही. पावसात भिजला तरी नाही काढत.

बाबा : बरं बाई. बघितला मी काल.

मुलगी : थेट?

बाबा : थेट. पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत.

मुलगी : आणि मी? मी रात्रभर लॅबमध्ये लोकांच्या रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये घालतेय, फोन कपाटात बंद करून. कुणी फुटबॉलचा फु काढला की उठून बाहेर जाते. आज तर इस्त्रीवाले काका मला बघून मान खाली घालून नुसतीच इस्त्री फिरवत राहिले. त्यांच्या टेबलावर कपडाही नव्हता. मला वाटलं, बिचारे आपला नियम पाळतायत. अख्ख्या बिल्डिंगला तुम्हीच बजावून ठेवलंत ना, माझ्या पोरीने सामना बघेपर्यंत तिला कुणी स्कोअर सांगायचा नाही म्हणून? आणि स्वतः तुम्ही?

बाबा : कालच नाही.

मुलगी : म्हणजे?

बाबा : दोन वर्षं झाली. प्रत्येक सामना मी आधी एकटा बघतो. मग तुझ्याबरोबर दुसऱ्यांदा.

मुलगी : प्रत्येक? गेल्या वर्षीची फायनल? पेनल्टी चालू असताना तुम्ही माझं मनगट धरलं होतंत. घड्याळाचा वळ उठला होता दोन दिवस. ते सगळं नाटक?

बाबा : नाटक कशाला करू? माहीत असलं म्हणून काय हात आपोआप पुढे जात नाही?

मुलगी : आत्ता, मध्यंतराला, तीन-शून्य असताना मी काय म्हणाले? आठवतंय?

बाबा : लगेच एक मारला तर...

मुलगी : लगेच एक मारला तर अजून काही बिघडलेलं नाही. आणि तुम्ही मान डोलावलीत. वर म्हणालात, बघू या, या खेळात काही सांगता येत नाही. चहा करून दिलात मला. माहीत असून मला आशा लावून बसवलंत, बाबा. आपल्या शिलाईच्या दुकानात तो परदेशी खलाशी त्याच्या क्लबची उसवलेली जर्सी शिवायला टाकून गेला आणि न्यायला आलाच नाही, तेव्हापासून हे घर त्या क्लबच्या नादी लागलंय. तीस वर्षं. त्या लोकांना आपण जिवंत आहोत की नाही याचाही पत्ता नाही. ते सहा गोल खातात ते खातात, त्यांचं मी समजू शकते. पण तुम्ही? माझ्या अंगाचा तिळपापड झालाय नुसता.

बाबा : होऊ दे. मला तर नऊ दिवस साधा रागही आला नाही. कारण मला माहीतच नव्हतं.

मुलगी : कसले नऊ दिवस?

बाबा : तुझी आई दवाखान्यात होती, ते शेवटचे.

मुलगी : आईला यात आणू नका.

बाबा : मी नाही आणलं. आशा लावून बसवलं, हे तू म्हणालीस. तिचा रिपोर्ट तुझ्याच हाताखालून गेला, पहिल्याच दिवशी. ते आकडे तुला वाचता येतात, मला येत नाहीत. मी त्या बाकड्यावर बसून रोज तुला विचारायचो, आज कसं आहे गं? तू काय सांगायचीस?

मुलगी : बरं आहे म्हणायचे.

बाबा : कालच्यापेक्षा बरं. रोज कालच्यापेक्षा बरं. मी घरी येऊन तिच्यासाठी दोन सैल गाऊन शिवायला घेतले. घरी आल्यावर पोटावर घट्ट नकोत म्हणून. तू दारात उभी राहून बघितलंस. म्हणालीस, बाबा, गळा जरा मोठा ठेवा, तिला डोक्यातून काढताना त्रास होईल.

मुलगी : मग काय सांगायला हवं होतं? तुम्ही जेवत नव्हतात. औषध घ्यायला विसरत होतात.

बाबा : विचारायला हवं होतं. बाबा, सांगू का? एवढंच. मी कदाचित नकोच म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं. मी आपला तिच्या उशाशी बसून बडबडतोय, पडद्यांना कुठला रंग घेऊ या, पुढच्या सीझनला गोलकीपर नवीन आणतील का. तिला तरी माहीत होतं का गं?

मुलगी : होतं.

बाबा : होतं.

मुलगी : तिनेच सांगितलं होतं, त्यांच्याजवळ बोलू नकोस म्हणून. ते कोलमडतील म्हणाली.

बाबा : म्हणजे तुम्ही दोघींनी ठरवलंत. बायको माझी, आणि मला गाऊनचे गळे कापत बसवलंत. कोलमडलो असतो तर कोलमडलो असतो. तिच्यासमोर कोलमडलो असतो ना! नंतर या भिंतीसमोर कोलमडलो, त्याचं काय? तेव्हापासून मला कळल्याशिवाय बसवत नाही. सामना असो, काही असो, काय झालं ते आधी हवं. हरले तर हरले.

मुलगी : आणि म्हणून आज माझ्यावर उट्टं काढलंत?

बाबा : उट्टं कसलं काढतोय? ठरवलं होतं की, दार उघडल्या उघडल्या सांगून टाकायचं. तू आलीस. झोप नाही, तोंड एवढंसं झालेलं. आणि चपला काढायच्या आधी म्हणालीस, बाबा, जर्सी कुठाय, आज आपण जिंकणार. माझी जीभच उचलेना.

मुलगी : हं.

बाबा : काय हं?

मुलगी : माझीही नव्हती उचलली.

बाबा : ते कळलं मला. आज कळलं. तिसऱ्या गोलच्या वेळी.

मुलगी : म्हणून डोळे मिटलेत?

बाबा : तुझ्या तोंडाकडे बघवेना.

मुलगी : माझा राग गेलेला नाही, बाबा.

बाबा : माझा तरी कुठे गेलाय?

मुलगी : ते दोन गाऊन कुठे आहेत?

बाबा : आहेत. झेंड्याच्याच खणात, खाली. एकाला गळपट्टी लावायची राहिली.

मुलगी : माझ्या लक्षात नाही आलं मघाशी.

बाबा : तू झेंडा शोधत होतीस.

मुलगी : बंद करते हे आता. सहाचे सात झालेले बघायची मला हौस नाही.

बाबा : थांब. बंद नको करूस.

मुलगी : का? काय राहिलंय आता?

बाबा : सात मिनिटं आहेत. त्यात एक गोल आहे.

मुलगी : कोणाचा?

बाबा : सांगू, की बघतेस?

मुलगी : ...नका सांगू. सरका थोडे तिकडे.