अवो, म्होरं बघा!

टाळ जरा थांबवा. मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. सावध करणारा मोठा, की सावध होणारा? मागचे काका म्हणतात, सावध करणारा! काका, तुम्हाला काकू रोज सावध करतात, काय उपयोग झाला? — हसू नका, तुमच्या घरीही तेच आहे!

ऐका. वाळव्याकडचे हिंदुराव. बावीस वर्षं वडापची, गावोगावचे उतारू भरून नेणारी जीप चालवली. शेजारच्या सीटवर कोण? बायको, शेवंता! ती बाजाराला भाजी न्यायची. हिंदुरावांची नजर जरा शेताकडं वळली, की तिचं सुरू — "अवो, म्होरं बघा!" हे चिडायचे. "गाडी तू चालवतीस का मी?" पण बावीस वर्षांत जीपला साधा ओरखडा नाही!

दोन वर्षांपूर्वी शेवंता तापानं गेली. सीट रिकामी झाली. हिंदुरावांनी तिची शाल घडी करून तिथं ठेवली, वरनं पट्टा लावला. वेडेपणा म्हणाल? म्हणा. ज्याची सीट रिकामी झालीय, तो म्हणणार नाही.

लेक मंदाकिनी सांगली शहरात. बापाची काळजी! तिनं नवी मोटार घेऊन दिली. मोटारीला डोळा होता महाराज! काचेवर एक कॅमेरा, पुढच्या जाळीत दुसरं यंत्र. समोर काही आडवं आलं की — टीं टीं टीं! तरी ऐकलं नाही तर गाडी स्वतः ब्रेक लावते. "आबा, यानं अपघात टळतात," लेक म्हणाली. टळतात, खरंच टळतात! पण हिंदुराव पहिल्या दिवसापासून फुरंगटलेले. "तुझ्या आईची जागा ह्या टिटवीनं घ्यायची व्हय?" राग यंत्राचा नव्हता, मंडळी. त्यांना तो आवाज नको होता. दुसराच हवा होता.

दसरा आला. वाहनाची पूजा! दरवर्षी हार शेवंता करायची, बेताचा. यंदा हिंदुरावांनी स्वतः केला — मांडीएवढा जाड! बांधला कुठं? जाळीवर, यंत्राच्या तोंडावरच! काचेवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, तेही नेमकं कॅमेऱ्यापुढं. आता सांगा, डोळ्यावर कुंकू थापल्यावर साक्षात देवी तरी काय बघणार? यंत्राला दिसत नाही, असं सांगणारा पिवळा दिवा गाडीत लागला. हिंदुराव म्हणाले, "बघा, गाडीबी सण करतीया!"

निघाले सोनं द्यायला लेकीकडं. टीं नाही, टूं नाही. आधी बरं वाटलं. कोसभर गेल्यावर मात्र ती शांतता खायला उठली. बायको बोलत नाही, आता गाडीपण बोलत नाही! डोळे भरले. नव्या गाडीतही शेजारच्या सीटवर तीच शाल होती, तिच्याकडं वळले. "शेवंता, एकदा तरी रागाव की गं..."

आणि समोर — वळणावर सोयाबीनची ट्रॉली बंद पडलेली! मागं पाय सोडून एक मजूर बाई बसलेली. यंत्र गप्प! हिंदुरावांची नजर शालीवर! जुन्या सवयीनं काच तेवढी खाली होती. बाई जिवाच्या आकांतानं ओरडली —

"अवो, म्होरं बघा!"

मंडळी, बावीस वर्षांची सवय! डोकं कळायच्या आधी पाय ब्रेकवर गेला. गाडी फरफटली... आणि थांबली. किती अंतरावर? हाराची फुलं त्या बाईच्या पावलांना लागली!

हिंदुराव उतरले. त्यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

बाई बावरली. "दादा, मी काय केलं? नुस्तं वराडले."

"पुन्ना एकदा म्हन, माय," हिंदुराव हुंदके देत म्हणाले. "दोन वर्सं कुनी म्हनलं न्हाई."

मग त्यांनी स्वतःच्या धोतरानं काच पुसली. हार सोडला, शेवंताच्या शालीवर ठेवला. पिवळा दिवा विझला. पुढं सांगलीपर्यंत ती टिटवी तीनदा वाजली. तिन्ही वेळा हिंदुरावांनी वेग कमी केला, आणि म्हणाले, "व्हय गं. बघतोय."

तर बापहो, यंत्र चांगलं! लेकीनं पाठवलेली मायाच ती. पण हाक कामाला येते ती कान उघडा असणाऱ्याच्या. आता मांडवातनं घरी जाल. दारातनं कुणी म्हणेल, "सावकाश जावा." किक मारायच्या आधी मागं वळा, त्या माणसाचं तोंड बघा, आणि "व्हय" म्हणा. आज म्हणा. हिंदुराव आता शालीला म्हणतात.

बोला, आपल्याला हाक मारणाऱ्या सगळ्यांसाठी — विठ्ठल, विठ्ठल!