साडेसहा इंचाचं भोक

नाही, पण मला एक सांगा, गॅरेजात पडलेल्या फळीवर कुठं लिहिलेलं असतं का, की बाबा रे, मी अमक्याची आहे? नसतं ना? मग! हेतू चांगला होता हो माझा... पण ऐकतंय कोण!

त्याचं असं झालं, आमच्या सिनसिनाटीत उन्हाळा आला की ज्याच्या परसात कॉर्नहोल नाही, त्याच्याकडे कुत्रं फिरकत नाही. दोन तिरक्या फळ्या समोरासमोर, वरच्या अंगाला सहा इंचाचं भोक, आणि मक्याचे दाणे भरलेली पिशवी लांबून त्यात टाकायची. भोकात गेली तर तीन गुण, फळीवर बसली तर एक. शेंबडं पोर करील! तर माझा शेजारी नॉर्ब, कुंपणावर बियर ठेवून म्हणतो कसा, "गस, विकतच्या फळ्या आणणाऱ्याकडे आम्ही खेळायला येत नाही बुवा." म्हटलं, थांब लेका! गेलो गॅरेजात, ख्रिसमसच्या माळा उपसल्या, आणि तुम्हाला सांगतो, मागे भिंतीला टेकून दोन फळ्या... दोनच! अगदी मापाच्या! गुळगुळीत ओक! देव देतो तेव्हा असा देतो.

मग काय, रंगाचा डबा उपडा ठेवला, पेन्सिल फिरवली, करवत चालवली, घर्रर्र... दोन भोकं, खाली पाय, वर लालभडक रंग. नॉर्बसुद्धा गप्प झाला, म्हणजे बघा. तेवढ्यात माझी बायको लॉरेटा बटाट्याचं सॅलड घेऊन बाहेर आली, फळ्यांकडे बघितलं, आणि वाडगा गवतात! मी हबकलो. म्हटलं, काय झालं गं? तर अगदी हळू आवाजात म्हणते, "गस, या आईच्या जेवणाच्या टेबलाच्या मधल्या फळ्या आहेत."

मधल्या फळ्या! थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टेबल ओढून लांब करतात, तेव्हा मध्ये बसवायच्या! सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी केलेलं टेबल, सासरे गेल्यापासून सासूबाई ते दुसऱ्या कुणाला पुसूसुद्धा देत नाहीत, घरात जागा नाही म्हणून फळ्या तेवढ्या आमच्याकडे ठेवलेल्या, आणि त्यांच्यावाचून निम्मं खानदान उभ्यानं जेवणार! हेतू चांगला होता हो... लॉरेटा रडायला लागली. आणि नॉर्ब? बियर उचलून पसार. असे शेजारी!

त्यात रविवार. चर्च सुटलं की सासूबाई थेट आमच्याकडे. आल्या. बघितलं. फळीवरून हात फिरवला, भोकात हात घातला, बाहेर काढला. म्हटलं, आई, चुकलो. त्यांनी पर्समधून शिवणाची टेप काढली... टेप हो! भोकावर धरली आणि चेहरा पांढराफटक.

"ऑगस्ट," पूर्ण नावानं बरं का, "साडेसहा?"

अहो, टेबलाला भोक पाडलंय, नवऱ्याच्या हातच्या टेबलाला, आणि ही बाई अर्धा इंच मोजतेय! "हे असते तर काय म्हणाले असते? साडेसहात तर आंधळासुद्धा टाकील." असं म्हणून पर्स खांद्याला तशीच, चार पिशव्या टाकल्या. चारही आत! वर हुकूम : थँक्सगिव्हिंगला या फळ्या टेबलात जशाच्या तशा बसणार, आणि टेबलावर कापड घालायचं नाही. "जावयानं केलंय ना, दिसू दे सगळ्यांना."

खालचे पाय काढले, बसल्या! दोन्ही टोकांना तपकिरी ओक, मध्ये लालभडक, त्यात दोन भोकं. एका भोकापाशी टोपलीभर पाव. दुसऱ्यापाशी खुर्ची कुणाची? विचारताय? मेहुणे, मेहुण्या, सगळे खाली मान घालून हसतायत. मी आपलं ताट भोकावर ठेवून ते झाकलं, म्हटलं सुटलो. हेतू चांगला होता हो तेव्हासुद्धा! तर सासूबाई समोरून म्हणाल्या, "दे रे ताट, टर्की वाढते." दिलं. आणि दुसऱ्या हातानं त्यांनी ग्रेव्हीची वाटी सरकवली... सुळकन आली, आणि थेट आत! माझ्या मांडीवर! कढत! मी बोंबलत उभा, आणि ती बाई टर्की वाढता वाढता, मान वर न करता म्हणते,

"तीन गुण."

आता नियमानं होतातच ना.