बापसाच्या सोबत्यांची नावं

मी गव्हाणची, आगऱ्याची पोर. घरची मिठागरं व्हती, पण माजा बापूस काय मिठात रमला नाय, तो फौजेत गेला, सिग्नलमध्ये, म्हंजे वायरलेसवर, एकाहत्तरच्या लढाईत व्हता तो. मी ल्हान असताना मांडीवर घेऊन पितळीवर चमच्यानं कट्ट-कड, कट्ट-कड वाजवायचा, मोर्स बोलतात त्याला, ठोक्यांची लिपी, मी अक्षर ओळखायचं. लोक बोलायचे, पोरीला काय शिकवतंस रे ह्ये, तिला भाकऱ्या थापायच्या हायत. तो बोलायचा, भाकऱ्या पण थापंल नि मोर्स पण मारंल. दोन्ही करते मी, काय सांगू तुमाला. कळंबोलीला पंपाच्या जळलेल्या मोटारींची तार परत गुंडाळायचं, वायंडिंगचं दुकान हाय माजं, नि चाळिशी उलटल्यावर परीक्षा देऊन हॅम रेडिओचं, म्हंजे हौशी लोकांच्या वायरलेसचं, लायसन पण काढलं.

पण लढाईचं बापूस कंदी बोलला नाय. कंदीच नाय. गेल्या डिसेंबरात आमच्या क्लबातल्या हॅमवाल्यांनी ठरवलं, एकाहत्तरच्या विजयाच्या दिवशी पळस्प्याला स्टेशन लावायचं, देशभर हाक मारायची. मी घरी सांगितलं तवा बापसानं तोंड उघडलं. बोलला, लढाईत टेलिफोनची तार तुटली व्हती, ती जोडायला माजे सोबती सुभान नि दत्ताराम सकाळी निघाले, मी सेटवर. दुपारपर्यंत हाक मारीत ऱ्हायलो. ते आलेच नाय. त्यांची नावं माज्या हातानं वायरलेसवर जाऊ दे एकदा.

मंग नेला त्याला. त्या दिवशी हवा अशी की बोललेलं काय पोचंना, नुसती खरखर. क्लबातले बोलले, आज मोर्सच जाईल. बापूस बसला, मी बाजूला. पण हात कापतो ना त्याचा आता, पयलं अक्षर तीनदा चुकलं. त्यानं हात मागं घेतला नि मला बोलला, तू बस, मी सांगतो. तो एकेक अक्षर बोलत गेला, मी मारत गेले. माजा हात रोज बारीक तारेवर चालतो, तरी घाम फुटला, कारण एक ठोका चुकला तर माणसाचं नावच चुकणार.

नावं संपली, मी कान लावून बसले. मंग हळू, अगदी हळू उत्तर आलं, त्रिपुराकडचा कोनतरी हॅमवाला. त्यानं दोन्ही नावं जशीच्या तशी परत पाठवली नि पुढं मारलं, मिळाली, वहीत लिवली, सलाम. मी सांगायच्या आधीच बापसाला समजलेलं. काठी न घेता उठून उभा ऱ्हायला तो, ताठ. त्याच्याबरोबर सगळेच उभे ऱ्हायले.

परतताना रिक्षावाल्यानं विचारलं, आजोबा, लग्नाला गेलेलात काय. बापूस बोलला, नाय रे, माज्या पोरीची ड्युटी व्हती. मी भाईर बघत बसले, डोळे भरलेले.

आता दर रविवारी तो क्लबात जाऊन नव्या लोकांना शिकवतो, कोन चुकला की टेबलावर काठी ठोकतो. मला पण सोडत नाय. गावात मला सिग्नलवाली बोलतात, बरं वाटतं. त्याला असाच हिंडता-फिरता ठेव, येवढंच देवाला सांगते, नि तुमचं पण भलं होऊ दे. घ्या, च्या निवला तुमचा.