लेकीच्या हाताखाली शिकलेले माणिकराव

कचेरीतल्या मित्रांनो, छावणीतल्या शेजाऱ्यांनो, आणि आतल्या खोलीत बसलेल्या माउल्यांनो,

आपल्या पिढीचं एक दुखणं सारखंच आहे. घरात आपण मराठीत रडलो, मराठीत भाकर मागितली, आणि निजामाच्या शाळेत गेलो तर पाटीवर उर्दू आली. त्याच उर्दूवर नोकऱ्या केल्या. मग पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, आपण गूळ वाटला, आणि काही दिवसांनी हुकूम आला की कामकाज आता मराठीत. परीक्षा द्या, नाहीतर खुर्ची सोडा. केस पिकलेल्या माणसांनी पुन्हा बाराखडी गिरवायची! तेव्हाही आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि याही वेळी नाही.

माणिकराव त्या माणसांतले एक, कचेरीतले उर्दू मुन्शी. तीन दिवसांच्या तापात गेले. काल तेरावा झाला.

मी मास्तर. औरंगाबादेत कुठं सभा असली की मला उभं करतात, आणि मी उभा राहतो.  मला एक कबुली द्यायची आहे. आणि एक भांडणही मांडायचं आहे. शोकसभेत भांडण मांडू नये, ठाऊक आहे मला. तरी मांडणार आहे.

माणिकराव कसे होते? गप्प होते. साडेपाचला कचेरी सुटली की पावणेसहाला सायकल दारात. पानाच्या ठेल्यावर नाहीत, चौकात नाहीत, सभेला तर नाहीतच. गोदावहिनींना डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून दोन्ही पोरींच्या वेण्या सकाळी तेच घालायचे. भांग थोडा वाकडा यायचा. कचेरीत थट्टा व्हायची, "काय मुन्शीजी, आज कोणती रिबीन?" हे शांतपणे सांगायचे, "लाल. काल निळी व्हती." हसताय तुम्ही. हसा. मीही हसलो होतो.

आता कबुली. हुकूम नवा होता तेव्हा वाचनालयात मी भाषण केलं. मातृभाषेवर. टाळ्या पडत होत्या, मला जोर चढला. मी म्हणालो, ज्याला आपल्या आईच्या भाषेत चार ओळी लिहिता येत नाहीत, त्यानं आपली दौत उपडी करावी! त्या दिवशी कसे कोण जाणे, माणिकराव आले होते. तिसऱ्या रांगेत होते. कुणीतरी कोपर मारून म्हणालं, "मुन्शीजी, ऐकताय ना?" ते उठले, टोपी घातली, निघाले. मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. व्यासपीठावरून म्हणालो, "बघा, वहिनींची हाक आली!" सगळं वाचनालय खदखदलं.

सात-आठ दिवसांनी एका अर्जावर सह्या घेत मी त्यांच्या दारात गेलो. आत काय बघतो? हे पाटावर बसलेले. शेजारी दहा वर्षांची शांता, हातात मोडकी पट्टी. समोर वही, आणि ती वही ह्यांनी मागच्या पानापासून उघडलेली. लेखणी उजव्या कडेला टेकवलेली. उर्दू लिहिण्याची वीस वर्षांची सवय, हात आपोआप तिकडंच जायचा.

"बाबा, पुन्हा तिकडून? किती येळा सांगू?"

"व्हय बाई. चुकलं."

"वही पलटी करा आधी."

त्यांनी वही पलटी केली. मग मी दिसलो. चटकन उठले, मला पाट सरकवला. "मास्तर, बसा. तुमचं ऐकलं म्हणून लागलो. नायतर टाळतच बसलो असतो." या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. चुलीपाशी बसलेल्या गोदावहिनी मात्र म्हणाल्या, "त्या दिशी जेवले नाय ते, मास्तर." माणिकराव त्यांना म्हणाले, "अगं, भूकच नव्हती."

मग मलाच विचारलं, "मास्तर, तुम्ही आईची भाषा म्हणलात. माझ्या मायला अक्षर ठावं नव्हतं. मला तर लेक शिकवतीय. मंग ही कुणाची भाषा म्हणायची?"

मित्रांनो, मी इतकी पुस्तकं वाचली. तरी त्या दिवशी अर्जावर सही न घेताच परत आलो. 

रोज संध्याकाळी तो धडा चालायचा. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुटीत तोच धडा ते कचेरीतल्या करीमसाहेबांना द्यायचे. करीमसाहेब, तुम्ही मान हलवताय, म्हणजे मी खोटं बोलत नाही. दोघंही पास झाले. माणिकरावांनी पेढे कचेरीत वाटले नाहीत. शांताच्या वर्गात नेऊन वाटले. "मास्तरीण तिथं बसती," म्हणाले.

ती शांता आता मॅट्रिकला आहे. परीक्षा दोन महिन्यांवर. ताप यायच्या आदल्या आठवड्यात माणिकराव मला रस्त्यात भेटले, सायकलवरून उतरले. कधी आपणहून न बोलणारा माणूस! "मास्तर, पोरीच्या परीक्षेचा फारम मी सोता मराठीत लिवला. सबंध. कुटं खाडाखोड नाय."

आणि आता भांडण.

माणिकरावांचे थोरले भाऊ, तात्या, शेंद्र्याहून आले आहेत. समोर बसलेत. काल तेराव्याला त्यांनी ठरवलं की रविवारी बैलगाडी येईल आणि वहिनी, दोन्ही पोरी, भांडीकुंडी सगळं गावी नेलं जाईल. तिथं शांताची शाळा संपली. नाही तात्या, उठू नका. तुम्ही वाईट माणूस नाही. भावाचं घर उघड्यावर पडू द्यायचं नाही म्हणून तुम्ही ही धावपळ करताय. मी काल तुमच्याशी वाद घातला, आवाज चढवला. तुम्ही एकच म्हणालात, "मास्तर, भाषण लई झालं. डोळ्यानं अधू बाई अन् वयात आलेली पोर, शहरात कुणाच्या भरवशावर ठिवू?"

मी रात्रभर तळमळतोय. प्रश्न खरा आहे. एकट्या मास्तरच्या भरवशावर ठेवा, असं मी म्हणू शकत नाही. या मास्तरनं माणिकरावांना एकदा भर सभेत उघडं पाडलंय.

म्हणून मी तुम्हा सगळ्यांना विचारतो. माउल्यांनो, तुम्हालाही. दळण आणायचं आहे. पाणी भरायचं आहे. पोरीला शाळेत सोडायचं, परत आणायचं आहे. वहिनींना दवाखान्यात न्यायचं आहे. दोन महिने. परीक्षेचा शेवटचा पेपर होईपर्यंत. मग तात्या, गाडी आणा, पुढचं वहिनी आणि तुम्ही ठरवा, मी तोंड उघडणार नाही.

आता स्तब्धता पाळायची. रीतीप्रमाणे आपण सगळे उभे राहतो, खाली बघतो आणि घरी जातो. आज ती रीत नको. या घराचं एक तरी काम जो अंगावर घेणार असेल, त्यानंच उभं राहावं. ज्याला जमणार नाही त्यानं बसूनच माणिकरावांना नमस्कार करावा, त्यात कमीपणा नाही. पण नुसतं दाखवायला कुणी उठू नका.

तात्या, तुम्ही बसा आणि मागं वळून बघा.

मी उभाच आहे. आता तुम्ही.