आउटबॉक्समध्ये राहिलेला मेल

मी, वय ४७ वर्षे, धंदा प्राथमिक शिक्षिका, दुसरीचा वर्ग, राहणार शाळेपासून दोन बसथांब्यांवर, आज कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात येऊन सांगते ती हकीकत अशी.

मुलाला न्यायला येणाऱ्या माणसात बदल असेल तर तो फाटकावरच्या कॉम्प्युटरला मेलनेच कळवायचा, असा आमच्या शाळेचा नियम आहे. तोंडी निरोप चालत नाही. मागच्या वर्षी फाटकावरचे रखवालदार अण्णा यांनी असा एक निरोप ऐकला म्हणून त्यांना लेखी समज मिळाली. ती तक्रार मीच केली होती.

माझ्या घरच्या इंटरनेटवर शाळेचे मेल येतात, पण जात नाहीत. इंटरनेट कंपनीने मेल बाहेर जायची वाट, ज्याला पोर्ट म्हणतात, ती बंद ठेवली आहे. मी चार वेळा तक्रार केली. कंपनी म्हणते शाळेला विचारा, शाळेचे कॉम्प्युटर सर म्हणतात कंपनीला विचारा. दोघांनी मला नुसतं टोलवलं. शेवटी मी नाद सोडला. घरी लिहिलेले मेल लॅपटॉपच्या आउटबॉक्समध्ये पडून राहतात आणि सकाळी शाळेच्या इंटरनेटवर लॅपटॉप उघडला की आपोआप जातात. सहा महिने असंच निभावत होते.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता वर्गातल्या एका मुलीच्या आईचा मेल आला. आईवडील वेगळे राहतात. उद्यापासून मुलीला वडिलांच्या ताब्यात देऊ नये, असं त्यात होतं, सोबत कोर्टाचा कागद. मी घरून ५.२० ला तो फाटकाकडे पाठवला. म्हणजे नुसतं बटण दाबलं.

बुधवारी सकाळी मुख्याध्यापिकांनी फोन करून मला परस्पर दुसऱ्या शाळेत प्रशिक्षणाला जायला सांगितलं. मेल माझ्या लक्षात होता. आपली शाळा साडेबाराला सुटते, तोवर पोहोचू, असं धरून चालले. प्रशिक्षण लांबलं. अण्णांना फोन करावा असं दोनदा मनात आलं. पण कोणत्या तोंडाने करणार होते? केला नाही.

दुपारी १.२५ ला शाळेत लॅपटॉप उघडला तेव्हा मेल गेला. मुलगी १२.३५ लाच वडिलांबरोबर गेली होती. ती गुरुवारी संध्याकाळी आत्याच्या घरी सापडली. आता आईकडे आहे, पण आईला न्हाणीघरातसुद्धा एकटं जाऊ देत नाही, असं आई सांगते.

मेलवर वेळ मात्र मी लिहिल्याची उमटते, मंगळवार ५.२०. ती बघून सगळ्यांनी ठरवलं की अण्णा वडिलांना सामील होते. शाळेच्या त्या बैठकीत मी हजर होते. गप्प बसले. मला भीती वाटली, नोकरीची आणि त्या आईची. काल अण्णा जिन्यात भेटले. म्हणाले, "बाई, मेल आलाच असणार. वय झालं आता, मलाच दिसला नसेल." मी तशीच वर्गावर निघून गेले.

तो मेल बुधवारी १.२५ च्या आधी अण्णांच्या कॉम्प्युटरवर नव्हता. लॅपटॉप सोबत आणला आहे, तो तपासून घ्यावा.

वरचा मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे, काही कमी करायचं नाही. चौकशीला बोलावलेले अण्णा सकाळपासून बाहेर बाकावर बसले आहेत. हाच जबाब त्यांनाही एकदा वाचून दाखवावा. माझ्या तोंडून ते होणार नाही.